थर्झाच्या आरशाभोवतीची बारा पत्रं

स्केल्डरबीत माझं दुकान म्हणजेच गावाचं पोस्ट. एका बाजूच्या फळ्यांवर दोरा, सुया, शाई, मेणबत्त्या. दुसऱ्या बाजूला पितळी तराजू आणि तारखेचा शिक्का. आई गेल्यावर दोन्ही माझ्याकडे आली. आमच्याकडे टपाल घरोघर जात नसे, ज्याचं त्याने येऊन न्यायचं. त्यामुळे कोण कुणाला लिहितं आणि कोण कुणाला उत्तर देत नाही हे पाद्रीसाहेबांपेक्षा मला जास्त माहीत असायचं. अक्षर पाहिलं की मी माणूस ओळखायचे. मुद्दाम डाव्या हाताने लिहिलेलं असलं तरी.

जानेवारीच्या अखेरीस लंडनहून व्हॅलेंटाइनांचा, म्हणजे चौदा फेब्रुवारीला पाठवायच्या छापील पत्रांचा, गठ्ठा यायचा. त्यात दोन जाती असत. लेसच्या कडांची, हृदयं-कबुतरांची जी असत ती मी खणात ठेवायचे, बोटांचे डाग पडू नयेत म्हणून. दुसरी जात खिडकीत दोरीला चिमट्यांनी लटकायची. पातळ कागद, त्यावर भडक रंगाचं चित्र आणि खाली चार ओळींची शिवी. खाटकाला वासराचं तोंड, दारुड्याला पिंपाएवढं पोट, नटव्या पोरीला मोराचा पिसारा. घडी घालायची, मागे पत्ता लिहायचा, तिकीट लावायचं. स्वतःचं नाव लिहायचं नाही, हीच त्यातली गंमत. माझ्या आईच्या तरुणपणी टपालाचे पैसे पत्र घेणाऱ्याला द्यावे लागत. म्हणजे शिवी खायची तीसुद्धा स्वतःच्या खिशातून. हे सांगताना आई हसून हसून डोळे पुसायची. मीही हसायचे. गोड व्हॅलेंटाइन एक खपेपर्यंत ही पाच-सहा खपायची. आणि ती घेणारी माणसं वाईट होती असं मला कधी वाटलं नाही. आजही वाटत नाही, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटते.

अठराशे चौऱ्याहत्तर सालच्या गठ्ठ्यात छापखान्याने काहीतरी घोटाळा केला होता. दरवेळी प्रत्येक चित्राच्या दोन-तीन प्रती असत. त्या वर्षी एकाच चित्राच्या बारा आल्या. चित्रात एक प्रौढ कुमारिका होती. खुर्चीच्या टोकावर बसून शिवतेय, नाक सुईसारखं पुढे आलेलं, मान काठीसारखी, आणि पायाशी एक मांजर, तेही तिच्याकडे पाठ करून. खाली लिहिलं होतं :

सुईसारखं नाक तुझं, काठीसारखी मान,
दुसऱ्यांची लग्नं शिवता शिवता पिकून गेलं पान.
तुझ्या दारी कोण येणार? मांजरसुद्धा टळे,
मेलीस तरी आठवड्याने शेजाऱ्याला कळे.

सबीना पिंचबेक माझ्या बालपणीची मैत्रीण, गावातल्या बेकरची बायको. ती पाव द्यायला आली होती. चित्र बघून तिने टोपलीच खाली ठेवली.

"अगं जेमायमा, ही तर आपली थर्झा! मांजरासकट!"

"हळू बोल."

"हळू काय? लंडनच्या माणसाला कुठं दिसली गं ही?" ती हसताना तिच्या एप्रनवरचं पीठ उडत होतं. "दे मला एक. कोणाला सांगू नकोस हं."

थर्झा लुडलॅम गावची शिवणकाम करणारी. वय पंचेचाळीसच्या आसपास. आईबाप गेलेले, लग्न झालेलं नाही. गावाबाहेर कालव्याच्या बांधावर शेवटचं घर तिचं. बोलायची कमी, आणि बोलायची ते खरं बोलायची, त्यामुळे लोकांना ती कमी बोललेलीच बरी वाटे. मापं घ्यायला तिच्याकडे कागदाच्या लांब पट्ट्या होत्या. प्रत्येक गिऱ्हाइकाची एक पट्टी. खांदा, कंबर, बाही जिथे येईल तिथे कात्रीने छोटीशी खाच पाडायची आणि पट्टी खिळ्याला अडकवायची. अख्खं गाव तिच्या भिंतीवर असं टांगलेलं होतं. पट्टीवर नाव नाही, आकडा नाही. थर्झाला लिहिता-वाचता येत नाही हे सगळ्यांना माहीत होतं. शाळामास्तर एल्सम तर छातीठोकपणे सांगायचे, "माझ्या आधीच्या मास्तरांच्या वह्या तपासल्यात मी. ती शाळेची पायरी चढलेली नाही."

सबीनानंतर एल्सम मास्तरांनी एक घेतलं. मग चर्चचा घंटावाला, मग बांधापलीकडचे दोघं शेतकरी भाऊ, तेही वेगवेगळ्या दिवशी, एकमेकांना न कळवता. प्रत्येकजण दुकानात दुसरं कोणी नाही असं बघून येई, आणि "कोणाला सांगू नका हं, मिस कॉटम" म्हणून जाई. आठव्या गिऱ्हाइकाला मी सांगू शकले असते की बाबा, पुरे, तिला सात जायचीच आहेत. मी सांगितलं नाही. मला आकडा किती वर जातोय हे बघायचं होतं.

अकरा विकली गेली. बारावं मी स्वतः पाठवलं.

कारण सांगायला लाज वाटते, इतकं ते लहान आहे. नाताळात थर्झाने माझा करडा झगा शिवला. मी तो अंगावर घालून बघताना सबीना बाजूलाच बसली होती, आणि थर्झा तोंडात टाचण्या धरून म्हणाली, "तुमचा उजवा खांदा खाली आहे, मिस कॉटम. कापूस घालून झाकते, कळणार नाही." बस्स, एवढंच. झगा तिने अप्रतिम शिवला होता.

चौदा फेब्रुवारीला शनिवार होता. सकाळी मी बाराही पत्रांवर शिक्का मारला. माझ्या शिक्क्यातला 'ड' अर्धा झिजलेला आहे, त्यामुळे गावाचं नाव नेहमी तुटकं उमटतं. बारा वेळा तुटकं नाव उमटलं. दुपारी थर्झा दोरा घ्यायला आली.

"तुझी पत्रं आहेत," मी म्हणाले.

"माझी?" तिने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं. "मला कोण लिहिणार?"

मी गठ्ठा पुढे सरकवला. तिने पहिलं उघडलं. मग दुसरं, मग तिसरं. घाई नाही. प्रत्येक उघडायची, बघायची, पुन्हा त्याच घडीवर मिटायची. बाराही होईपर्यंत मी तराजूची वजनं पुसत राहिले. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते आठवायचा मी पुढे फार प्रयत्न केला. काहीच नव्हतं. शिवण तपासताना असायचा तसाच चेहरा.

"बाराच्या बारा माझी?"

"हो."

"कोणाकोणाचे आभार मानायचे?"

"नाव नसतं गं त्यावर. रीतच आहे तशी."

"असं," ती म्हणाली. पत्रं टोपलीत ठेवली आणि दोरा घेऊन गेली.

मार्चच्या सुरुवातीला सबीना ईस्टरचा झगा टाकायला तिच्याकडे गेली आणि तडक माझ्या दुकानात आली. हसू दाबून तिचा श्वास लागला होता.

"तिने ती आरशाभोवती लावलीत! सगळी! टाचण्यांनी! माळ घातल्यासारखी!"

"काय सांगतेस!"

"अगं, तिला वाटतंय ती प्रेमपत्रं आहेत! वाचता कुठं येतंय बिचारीला!" हसता हसता ती एकदम थांबली. "पण जेमायमा, बारा आहेत. मला वाटलं मी एकटीच."

तिने माझ्याकडे पाहिलं आणि मी दोऱ्याची रिळं लावायला घेतली.

गाव आठवडाभर हसलं. मग हसणं विरत गेलं. थर्झाचा आरसा बाहेरच्याच खोलीत होता, उंच, माणूस पायापासून डोक्यापर्यंत दिसेल असा. झगा घालून बघायचा तर त्याच्यासमोर उभं राहावं लागे. शर्ट न्यायला येणाऱ्या पुरुषांनाही तो दारातूनच दिसे. आरशात स्वतःचा चेहरा, भोवती तो एकच चेहरा बारा वेळा, आणि पाठीमागे थर्झा खांद्यावर टाचण्या लावतेय. ती त्या पत्रांबद्दल एक शब्द बोलत नसे. आणि प्रत्येकाला त्यातलं आपलं कुठलं हे ओळखू यायचं. रंग हाताने भरलेले, घाईत भरलेले. एकात गालाची लाली नाकावर सरकलेली, एकात डोळ्यातला निळा रंग पापणीबाहेर ओघळलेला. विकत घेताना दिसली नव्हती इतकी ती आता वेगवेगळी दिसू लागली होती.

घंटावाला मला म्हणाला, "मिस कॉटम, ते चित्र छापलं तेव्हा बाईचं तोंड मिटलेलं होतं ना?"

"असेल. का?"

"काही नाही. आठवत नव्हतं म्हणून विचारलं." आणि पुढचा शर्ट त्याने बहिणीकडून शिवून घेतला.

दुकानातलं वातावरणही बदललं. पूर्वी लोक गप्पा मारत रेंगाळायचे. आता दोन माणसं एकाच वेळी आत आली की दोघंही गप्प. समोरचा त्या बारांतला आहे का, आणि त्याला माझ्याबद्दल माहीत आहे का, हे प्रत्येकाच्या डोळ्यांत दिसायचं. आणि मग सगळ्यांचे डोळे माझ्याकडे वळायचे. कारण मला माहीत होतं.

महिन्याच्या मध्यावर सबीनाने तिचं पत्र चोरलं. थर्झा आतल्या खोलीत इस्त्री आणायला गेली तेवढ्यात टाचणी काढून कागद चोळीत घातला, घरी आली आणि पावच भाजावा इतक्या शांतपणे तो भट्टीत टाकला. मी तिथे होते. कागद काळा पडला, वळला, त्यातली बाई क्षणभर लालभडक झाली आणि मग नुसती राख उरली. सबीनाने ती राखही सळईने विस्कटली.

"संपलं," ती म्हणाली. "आता अकराच."

मार्चच्या शेवटच्या मंगळवारी ती झगा आणायला गेली. झग्याशिवायच परतली. ती दुकानात आली तेव्हा तिचे ओठ पांढरे पडले होते. मी दाराला कडी लावून तिला पोत्यावर बसवलं.

"बारा आहेत," ती म्हणाली.

"मोजताना चुकलं असेल."

"माझंच आहे गं. खालच्या बाजूला डावीकडे, जिथून काढलं तिथेच. नाकावर लाली आलेलं. मी कोपरा उचलून मागे पाहिलं. माझं अक्षर आहे, डाव्या हाताचं." तिने माझं मनगट धरलं. "तू तिला दुसरं विकलंस का? खरं सांग. मी रागावणार नाही."

"सबीना, बाराच आली होती. एकही उरलं नव्हतं."

"मग कुठून आलं?"

माझ्या मनात एक विचार येऊन गेला तो मात्र मी बोलले नाही. दुसरं विकलं असतं, तरी सबीनाचं डाव्या हाताचं अक्षर कोण आणणार होतं?

त्या रात्री नाही, पण दुसऱ्या दिवशी सकाळी, भरपूर उजेड असताना, मी दुकान बंद करून करडा झगा हातावर घेतला आणि बांधावर गेले. थर्झाला सांगितलं, बगलेत जरा सैल करून हवाय.

"घाला," ती म्हणाली.

मी आरशासमोर उभी राहिले. भिंतीवर गावभरच्या पट्ट्या लोंबत होत्या. दार उघडं होतं, कालव्यावरून वारा येत होता, पण पट्ट्या हलत नव्हत्या. मी मोजलं. बारा. माझं वर उजवीकडे होतं, डोळ्यातला निळा ओघळलेलं. मी त्याच्याकडे न बघायचा प्रयत्न केला तर आरशात माझ्याच डोळ्यांशी नजर भिडली.

"मिस कॉटम," थर्झा टाचण्या बाजूला ठेवून म्हणाली, "तुम्ही पोस्टातल्या. तुमच्याइतकं वाचणारं गावात कोणी नाही. एक काम कराल? ही मला वाचून दाखवाल?"

"ही?"

"दीड महिना झाला घरात लागून. काय लिहिलंय कळायला नको? मास्तरांना विचारलं तर म्हणाले, चष्मा आणला नाही."

तिने पहिलं पत्र काढून माझ्या हातात दिलं आणि खुर्चीच्या टोकावर बसली. मांजर येऊन तिच्या मांडीवर बसलं. मी कागद उघडला. सुईसारखं नाक तुझं.

आणि मी खोटं वाचलं. खणातल्या लेसच्या व्हॅलेंटाइनांवरच्या ओळी मला वर्षानुवर्षं पाठ होत्या. त्यातल्या घेतल्या, तिच्या सुईचं नि बोटांचं काहीतरी जुळवून टाकलं. तुझ्या हातच्या टाक्यांनी आमचे दिवस शिवलेले, असं काहीतरी. ते वाईट नव्हतं. माझं मलाच बरं वाटलं.

"छान आहे," थर्झा म्हणाली, आणि दुसरं दिलं.

दुसऱ्यात मी कबुतरं घातली. तिसऱ्यात बागेतली पहिली फुलं. चौथं, पाचवं. प्रत्येक कागदावर त्याच चार ओळी माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि तोंडातून दुसरंच काही येत होतं. सातव्याला कविता संपल्या. आठव्यात मी प्रार्थनेतले शब्द घुसवले. नवव्यात पुन्हा कबुतरं आली. थर्झा प्रत्येक वेळी "छान आहे" म्हणत होती, आवाज जराही वर-खाली न होता, आणि वाचलेला कागद माझ्या हातातून घेऊन मांडीवर एकावर एक रचत होती. अकरावं सबीनाचं होतं. बारावं माझं. माझ्या स्वतःच्या अक्षरातल्या पत्त्यावर अंगठा ठेवून मी तिला सांगितलं की यात लिहिलंय, तुझ्या दारी सदा माणसांची वर्दळ राहो.

ती थोडा वेळ मांजराच्या पाठीवरून हात फिरवत राहिली.

"छान वाचलंत," ती म्हणाली. "आता जे लिहिलंय ते वाचा."

मी हातातल्या कागदाची घडी घालू लागले.

"वाचा ना. का मी म्हणू? सुईसारखं नाक तुझं, काठीसारखी मान." ती पाठ म्हणत होती, मुलं शाळेत पाढे म्हणतात तशी. चारही ओळी म्हटल्या. "वडिलांनी शिकवलं मला, बायबलवर बोट ठेवून. तुम्ही कोणी कधी विचारलंत का, थर्झा, तुला वाचता येतं का म्हणून?"

"मग त्या दिवशी दुकानात..."

"दुकानात पहिलंच वाचलं. मग बाकीची वाचली, एखादं वेगळं असेल म्हणून."

मला बसायला काही नव्हतं. अर्धवट टाचलेल्या झग्यात मी उभीच होते आणि एक टाचणी बगलेत टोचत होती.

"शेवटची ओळ बघा," ती म्हणाली. "मेलीस तरी आठवड्याने शेजाऱ्याला कळे. मी त्यावर बराच विचार केला. मला शेजारी नाही. पत्रं येत नाहीत. तुम्हाला किती दिवसांनी कळलं असतं, मिस कॉटम?"

ती चिडून विचारत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. म्हणून मीही खरा हिशोब केला.

"तू दोऱ्याला येतेस. दर पंधरा दिवसांनी."

"म्हणजे पंधरा."

"पंधराव्या दिवशी मला वाटलं असतं, आली नाही. मग अजून दोन-तीन दिवस."

"सतरा-अठरा," ती म्हणाली आणि मान हलवली. "मला वीस वाटले होते."

मग मी वाचलं. सगळी नाही, माझं तेवढं. चारही ओळी, मोठ्याने, तिच्या तोंडाकडे बघून. कागदावर तेच शब्द मी विकताना शंभरदा वाचले होते, पण ते कोणाला उद्देशून म्हणायचे असतात हे तेव्हाच कळलं. वाचून झाल्यावर मी म्हणाले, "हे मी पाठवलंय."

"माहीत आहे. मघापासून तिच्या त्या ओघळलेल्या डोळ्याकडे बघायचं टाळताय. घेऊन जा."

"थर्झा, एक विचारते. सबीनाचं... ते पत्र मध्ये नव्हतं. ते परत कसं आलं?"

तिने मांडीवरच्या गठ्ठ्यातून ते काढून माझ्यापुढे धरलं. "हे मी तुम्हालाच विचारणार होते. गुरुवारी सकाळी दाराखालून आत आलेलं होतं. मला वाटलं, तुम्ही घरपोच टपाल सुरू केलंत."

मी ते उलटून पाहिलं. डाव्या हाताने लिहिलेला पत्ता. तिकीट. त्यावर माझा शिक्का, चौदा फेब्रुवारीचा, झिजलेल्या 'ड'सकट. आणि त्याच्या शेजारी दुसरा शिक्का, तसाच तुटका, शाई अजून ओलसर दिसावी इतका काळा, चौदा फेब्रुवारीचाच. तो मी मारलेला नव्हता. शिक्का रोज संध्याकाळी माझ्या कपाटात बंद होतो आणि किल्ली माझ्या गळ्यात असते.

"मी नाही हे केलं," मी म्हणाले.

"मीही नाही," थर्झा म्हणाली. आम्ही दोघी त्या कागदाकडे बघत राहिलो. त्या बाईचं तोंड थोडं उघडं होतं, एखादं वाक्य सुरू करावं तसं. आधी होतं का, मी शपथेवर सांगू शकत नाही. पहिल्यांदाच थर्झाच्या आवाजात किंचित कंप आला. "झगा काढून ठेवा. शुक्रवारी न्या."

माझं पत्र मी घरी जाऊन जाळलं आणि आठ दिवस झोपले नाही. ते परत आलं नाही. सबीनाला सगळं सांगितलं. ती आधी रडली, मग मला शिव्या घातल्या, मग तिसऱ्या दिवशी मनुकांचा पाव घेऊन बांधावर गेली. थर्झाने तिलाही वाचायला लावलं. सबीना म्हणाली, शेवटच्या ओळीला तिच्या तोंडातून आवाजच फुटेना, तर थर्झा म्हणाली, सावकाश, घाई नाही. पत्र घेऊन आली, भट्टीत टाकलं. तेही परत आलं नाही. पाव मात्र थर्झाने ठेवून घेतला नाही.

बातमी कोणी कोणाला सांगितली नाही, तरी पसरली. घंटावाला बांधावर जाऊन आपलं वाचून आला. शेतकरी भावांपैकी धाकटाही जाऊन आला. वर्षभरात आठ पत्रं आरशावरून गेली. चार राहिली.

थर्झाने आम्हाला माफ केलं असं मी म्हणणार नाही. ती तसं कधी म्हणाली नाही. त्या वाचनाच्या दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी दुकान उघडायच्या आधी बांधावरून एक फेरी मारू लागले. चौथ्या दिवशी तिने खिडकी उघडून सांगितलं, "जिवंत आहे, मिस कॉटम. काम असेल तर आत या, नाहीतर चिखलात कशाला येता!" मी येतच राहिले. त्यानंतर मला तिला 'तू' म्हणता आलं नाही. 'तुम्ही' म्हणाले पहिल्यांदा, तेव्हा तिने शिवण थांबवून वर पाहिलं, आणि पुन्हा शिवू लागली. माझे कपडे तीच शिवत राहिली. खांद्यात कापूस घालायची, आणि समोर कोणी असेल तर त्याचा उल्लेख करायची नाही.

मी ती जात विकणं बंद केलं. लोक कुरकुरले. ज्यांना हवीत ते बाजारगावाहून आणतात. ती माझ्या पोस्टात पडली की मला शिक्का मारावाच लागतो, ते माझं काम आहे. पण घेणाऱ्याच्या हातात देताना मी आता सांगते, "हे वाचायलाच हवं असं नाही."

एक्याऐंशी साली थर्झा ग्रिम्सबीला गेली. चुलत बहिणीने तिथे कपड्यांचं दुकान काढलं होतं. गाडीत सामान चढवायला मी आणि सबीना होतो. आरसा पोत्यात गुंडाळताना मी विचारलं, "ही चार काढू का?"

"नको," ती म्हणाली. "ज्यांची आहेत ते येतील. नाही आले तर त्यांच्याकडे जातील. माझं काय त्यात!"

ग्रिम्सबीहून तिने कधी पत्र पाठवलं नाही. जाताना भिंतीवरच्या पट्ट्या तिने गिऱ्हाइकांना परत दिल्या. चार पट्ट्या मात्र पुड्यात बांधून आरशाबरोबर नेल्या.

त्या चौघांतले दोघं आता नाहीत. थोरला शेतकरी भाऊ कालव्यात पाय घसरून गेला, आणि त्यात काही विशेष नव्हतं, आमच्याकडे दर दोन-चार वर्षांनी कोणी ना कोणी जातं. दुसरी एक म्हातारी होती, झोपेत गेली. पण दोघांच्याही घरी मी सांत्वनाला गेले तेव्हा एक गोष्ट बघायची टाळली. दाराच्या आत, उंबऱ्यापाशी, जमिनीवर काही पडलंय का.

तिसरा परगावी गेला. चौथे एल्सम मास्तर. आता निवृत्त आहेत, केस पांढरे झालेत, चष्मा नाकावर कायम असतो. दर चौदा फेब्रुवारीला मी दार उघडते तेव्हा ते पायरीवर उभे असतात, टोपी हातात घेऊन.

"माझं काही आहे का, मिस कॉटम?"

"थांबा, बघू दे." मी त्यांच्यासमोर सगळं टपाल काढते, एकेक पत्र उलटून दाखवते. अजूनपर्यंत त्यांच्या नावाचं काही आलेलं नाही. मी दरवर्षी त्यांना म्हणते, ग्रिम्सबी गाडीने दोन तासांवर आहे, मास्तर, जाऊन वाचून या ना एकदाचं. ते म्हणतात, हो, हो, उन्हाळ्यात जाईन म्हणतो, आणि घरी जातात. जाताना वाटेत दोनदा थांबतात. घराचं दार उघडायच्या आधी खाली वाकून फटीतून आत बघतात, हे मला खिडकीतून दिसतं.